औंधच्या संग्रहालयातली ‘आई आणि मूल’

स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यात फिगेरेस नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या एका इमारतीच्या छपराच्या कडेने माणसाहून मोठी पांढरी अंडी ओळीने मांडलेली आहेत आणि बाहेरच्या भिंतींवर पावाचे आकार चिकटवलेले आहेत. आत एका खोलीत ओठांच्या आकाराचा कोच आहे, नाकाच्या आकाराची शेकोटी आहे आणि भिंतीवर दोन चित्रे आहेत. ठरावीक जागी उभे राहून पाहिले, की या सगळ्यांचा मिळून एका बाईचा चेहरा तयार होतो. चित्रकार साल्वादोर दालीने स्वतःच्या जन्मगावी उभारलेले हे संग्रहालय. गावाचे जुने नाट्यगृह 1939 साली यादवी युद्धाच्या अखेरीस जळाले होते. त्याच पडक्या वास्तूत दालीने ते मांडले आणि 1974 साली लोकांसाठी खुले केले. 1989 साली तो वारला, तेव्हा त्याला तिथेच दफन करण्यात आले.

अशा कलेला मराठीत अतिवास्तववाद म्हणतात. मेढ्यासारख्या गावातून फिगेरेस गाठणे आपल्यापैकी बहुतेकांना जमणारे नाही. पण या चळवळीच्या सर्वांत गाजलेल्या प्रदर्शनांपैकी एका प्रदर्शनात ज्याची शिल्पे मांडली होती, त्या हेन्री मूर या शिल्पकाराचे एक काम आपल्याच सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या औंधला आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? यंदाच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसे ते पाहून आलो. त्या भेटीविषयी आणि तिच्यामागच्या घरातल्या प्रश्नाविषयी हा लेख.

प्रश्न घरातलाच

आमची पुतणी आठवीत आहे. तिचा हात चांगला आहे. शाळेतल्या कलाशिक्षकांनी तिला शासकीय रेखाकला परीक्षेचा, म्हणजे एलिमेंटरीचा, फॉर्म दिला. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. पण या परीक्षेत स्मरणचित्रही असते. बाजार, बसस्थानक, पाणवठा असा एखादा प्रसंग आठवून काढायचा, आणि त्यात माणसे काढावीच लागतात. भाईजानांनी तिथे फॉर्म बाजूला ठेवला. “जानदार की तस्वीर हमारे घर में नहीं बनेगी,” एवढेच ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच पुतणीला पुढे काही बोलता येईना.

असा प्रसंग आपल्या पुष्कळ घरांत येतो. मूल हुशार असते, शिक्षक पाठीशी असतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात दीनची काळजी असते. दोन्ही बाजूंना कळकळ असते. अशा वेळी एक बाजू गप्प बसते आणि मूल चित्रांची वही गादीखाली लपवायला शिकते. हे आम्हाला नको होते. म्हणून आम्ही सुचवले, की निर्णय घेण्याआधी सगळ्यांनी मिळून चांगली कला एकदा नीट पाहू या. भाईजान, भाभी, दादी, पुतणी आणि आम्ही दोघे असे निघालो.

रहिमतपूरमार्गे औंध

मेढ्याहून वेण्णेच्या काठाकाठाने, कण्हेर धरणाचे पाणी पाहत सातारा गाठायचे आणि पुढे रहिमतपूरमार्गे औंध. वाटेत रहिमतपूरला थांबलो. तिथे आदिलशाही काळातली मशीद आणि रणदुल्लाखानाचा मकबरा आहे. मकबऱ्याच्या कमानी आणि त्यांची मापे पाहत पुतणी बराच वेळ उभी होती. रेषा आणि भूमिती यांची आवड आपल्या वारशातच आहे, हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

औंध हे पूर्वी संस्थानचे गाव. इथले राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868–1951) स्वतः चित्रकार होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी आपल्या संस्थानातली जागा दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी वसली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांसाठी भिंतींशिवायचा तुरुंग त्यांच्याच काळात सुरू झाला. आयुष्यभर जमवलेली चित्रे आणि शिल्पे त्यांनी वाड्यात कोंडून ठेवली नाहीत. 1938 साली यमाईच्या टेकडीवर ‘श्रीभवानी चित्रसंग्रहालय’ बांधून ती सर्वांना पाहता येतील अशी ठेवली. मुंबई-पुण्यापासून इतक्या दूर, दुष्काळी मुलखातल्या लोकांनी जगातली चांगली कला पाहावी असे एका राजाला वाटले, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना फार मोलाची वाटते.

आत राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आहे, धुरंधरांची चित्रे आहेत. मोगल, विजापूर, कांगडा, जयपूर अशा निरनिराळ्या शैलींची लघुचित्रे आहेत. रविवर्म्याच्या चित्रापुढे दादींना काही समजावून सांगावे लागले नाही. साडीचा पोत, चेहऱ्यावरची भीती, सगळे डोळ्यांपुढे होते. “बेचारी को जबरदस्ती भेज रहे हैं,” असे त्या आपणहून म्हणाल्या. कथा माहीत नसताना त्यांनी ती बरोबर ओळखली.

शिल्पासमोर

मग आम्ही हेन्री मूरच्या ‘आई आणि मूल’पाशी आलो. इथे सगळे थबकले. रविवर्म्याकडे असते तसे इथे काहीच नाही. दागिने, वस्त्र, प्रसंग यांपैकी कशाचा आधार नाही. मूरला हुबेहूब नाकडोळे कोरण्यात रस नसे. दोन देह एकमेकांत कसे सामावतात, एकाचा भार दुसऱ्यावर कसा येतो, एवढेच त्याला हवे असे.

पुतणीने विचारले, “हे पूर्ण झालेलंच नाही का?”

भाईजान म्हणाले, “समजत नाही, तर काय पाहायचं?” आणि ते पुढे निघाले.

दादी मात्र तिथेच थांबल्या. त्यांनी सहा लेकरे वाढवली, त्यांतले एक लहानपणीच गेले. काही वेळाने त्या हळूच म्हणाल्या, “माँ है ये. बस्स. और क्या पूछना?”

भाईजान मागे वळून आईजवळ येऊन उभे राहिले. कुणी काही बोलले नाही. तुलनाच करायची, तर रविवर्म्याचे चित्र आम्हाला एका विशिष्ट स्त्रीची हकिकत सांगत होते. मूरच्या शिल्पात कुणा एकीची ओळख नाही, आणि म्हणून त्यात प्रत्येकाला आपली आई सापडायला जागा राहिली आहे.

खाणकामगाराचा मुलगा

घरी परतताना मुलीने मूरविषयी इतके विचारले, की ती माहिती इथे द्यायलाच हवी. हेन्री मूरचा जन्म 1898 साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, कॅसलफर्ड या कोळसा खाणींच्या गावी झाला. वडील खाणकामगार. आठ भावंडांत हा सातवा. मुलांनी शिकून खाणीबाहेर पडावे, असा वडिलांचा आग्रह होता. शिल्पकार होणे त्यांना हातमजुरीच वाटे. म्हणून मूरने आधी शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतले आणि काही काळ मुलांना शिकवले. वडील आधी पोटापाण्याचा विचार करतात आणि मुलाचे मन दुसरीकडे असते, ही गोष्ट यॉर्कशायरची तितकीच जावळीचीही आहे.

पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि 1917 साली विषारी वायूच्या हल्ल्यात सापडला. बरा होऊन परतल्यावर लीड्सच्या कलाशाळेत आणि नंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला.

त्याच्या आईला संधिवात होता. लहानपणी तो तिच्या पाठीला तेल चोळून देत असे. त्या पाठीचा आकार, त्यातली हाडे आणि खळगे हातांना कायमचे ठाऊक झाले, असे त्याने पुढे मोठेपणी सांगितले आहे. आई आणि मूल हा विषय त्याने आयुष्यभर सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत. पांघरूण ओढून ओळीने झोपलेल्या त्या आयाबापड्यांची आणि मुलांची मूरने काढलेली रेखाटने आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात. 1946 साली त्याला मुलगी झाली, तिचे नाव त्याने आपल्या आईचेच, मेरी, ठेवले. 1986 साली तो वारला. हर्टफर्डशायरमधल्या पेरी ग्रीन या खेड्यात तो 1940 पासून राहत होता. तिथले त्याचे घर, कामाच्या जागा आणि आवारातली मोठी शिल्पे आता लोकांना पाहता येतात.

त्याची आणखी एक सवय मुलांना आवडेल. नदीतले गुळगुळीत गोटे, हाडांचे तुकडे, शिंपले, झिजलेली लाकडे तो जमवून ठेवी, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता त्याला शिल्पाचे आकार सुचत. वेण्णेच्या पात्रात असे गोटे कितीतरी पडलेले असतात. आमच्या पुतणीने परतल्यावर त्यांतले सात-आठ आणून खिडकीत मांडले आहेत.

अतिवास्तववाद म्हणजे काय?

पहिल्या महायुद्धात लाखो माणसे मेली. स्वतःला शहाणी आणि तर्कशुद्ध म्हणवणारी राष्ट्रेच या संहारात उतरली होती. तेव्हा युरोपातल्या काही तरुण कवी-चित्रकारांना वाटू लागले, की नुसत्या तर्कावर विसंबून चालणार नाही. माणसाच्या मनात स्वप्ने आहेत, भीती आहे, लहानपणीच्या आठवणी आहेत, आणि त्यांच्याकडेही पाहिले पाहिजे. युद्धकाळात मनोरुग्णांची सेवा केलेल्या आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीने 1924 साली पॅरिसमध्ये या चळवळीचा जाहीरनामा काढला. दालीची वितळलेली घड्याळे, बेल्जियमच्या रने माग्रितने काढलेली चेहऱ्याच्या जागी सफरचंद असलेली माणसे, ही सगळी त्याच वाटेवरची. ओळखीच्या वस्तू अनोळखी ठिकाणी ठेवायच्या आणि पाहणाऱ्याला जागे करायचे, ही त्यांची रीत होती.

1936 च्या जूनमध्ये लंडनला या कलेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. मूरची शिल्पे त्यात होती, आणि प्रदर्शनाच्या आयोजन समितीतही तो होता. याच प्रदर्शनात दाली पाणबुड्याचा पोशाख आणि बंद शिरस्त्राण घालून व्याख्यानाला उभा राहिला. आत श्वास कोंडला, तेव्हा मंडळींनी धावपळ करून शिरस्त्राण काढले. मूरचा स्वभाव मात्र असल्या तमाशाचा नव्हता. त्याने स्वतःला कधी एकाच पंथाशी बांधून घेतले नाही. अमूर्त कलेच्या प्रदर्शनांतही त्याची कामे असत. स्वप्नातल्यासारखे आकार त्याने घेतले आणि ते आई, मूल, कुटुंब या साध्या गोष्टींसाठी वापरले.

या चळवळीचे धागे आपल्यापर्यंतही येतात. 1967 साली एअर इंडियाने पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट देण्यासाठी दालीकडून चिनीमातीची रक्षापात्रे करून घेतली. एका बाजूने पाहिले तर हंस, उलटे करून पाहिले तर हत्तीचे मस्तक, अशी त्यांची घडण होती. मोबदला म्हणून दालीने पैशांऐवजी हत्तीचे पिल्लू मागितले, आणि ते बंगळूरहून विमानाने खरोखर पाठवण्यात आले! आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली, की मुले पुढचा अख्खा तास जागी राहतात.

मुस्लिम जगतही या चळवळीपासून दूर नव्हते. नाझींनी नव्या कलेला ‘भ्रष्ट’ ठरवून तिची जाहीर टवाळी चालवली होती. त्याचा निषेध म्हणून डिसेंबर 1938 मध्ये कैरोतल्या लेखक-चित्रकारांनी पत्रक काढले, आणि त्यातून ‘अल-फन्न वल-हुर्रिया’, म्हणजे कला आणि स्वातंत्र्य, हा गट उभा राहिला. औंधचे संग्रहालयही त्याच वर्षीचे.

आपल्याकडचे ‘अजाइब’

चकित करणारे आकार हे युरोपने शोधलेले नवे प्रकरण आहे, असेही समजू नये. तेराव्या शतकात जकरिया अल-कझविनी या विद्वानाने ‘अजाइबुल-मख्लूकात’ हा सृष्टीतल्या नवलांवरचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सचित्र प्रती पुढे कित्येक शतके, आपल्या दख्खनेतसुद्धा, तयार होत राहिल्या. ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो मोठा सुंदर मुद्दा मांडतो. एखाद्या गोष्टीचे कारण उमगत नाही तेव्हा मनाची जी अवस्था होते, तिला तो नवल म्हणतो. मधमाश्यांच्या पोळ्याचे उदाहरण त्याने दिले आहे. हातात मोजपट्टी नसताना इतकी सारखी घरे त्या कशा बांधतात? पण लहानपणापासून पाहून पाहून आपल्याला सवय होते आणि नवल संपते. मग एखादा विचित्र प्राणी अचानक समोर आला, की तोंडातून ‘सुब्हानल्लाह’ निघते. खरे तर ते रोजच्या गोष्टी पाहूनही निघायला हवे.

सवयीने डोळ्यांवर आलेली झापड काढणे, हेच तर पुढे सहा-सात शतकांनी अतिवास्तववाद्यांनी केले. फरक मोठा आहे. कझविनीला नवलाच्या वाटेने निर्मात्याकडे जायचे होते, पॅरिसच्या मंडळींना माणसाच्या मनाच्या तळाशी. पण पाहायला शिका, हे दोघांचेही सांगणे आहे.

आपल्या शेजारच्या विजापूरचेच पाहा. दुसरा इब्राहिम आदिलशहा (1580–1627) याच्या दरबारातल्या चित्रांत स्वप्नाची झाक आहे. मैना हातावर घेतलेल्या योगिनीचे एक विजापुरी चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात तिच्या भोवतीची फुले तिच्याच बरोबरीने वाढलेली दिसतात. मोगल आणि दख्खनी चित्रकारांनी अनेक प्राणी आणि माणसे एकमेकांत गुंफून एक हत्ती किंवा एक घोडा साकारण्याचे खेळही केले आहेत. दालीच्या हंस-हत्तीचे हे थोरले भाऊबंद म्हणता येतील.

फॉर्मचे काय झाले?

घरचा प्रश्न औंधला जाऊन आपोआप सुटला नाही, पण बोलणे सुरू झाले. तस्वीरविषयी उलमांची मते एकसारखी नाहीत. काहीजण जिवंत प्राण्याचे चित्रच वर्ज्य मानतात. काहीजण शिक्षण आणि गरज यांपुरती सवलत देतात. पुतळ्याबाबत सर्वसाधारणपणे चित्रापेक्षा अधिक कडक भूमिका असते. फतवा देणे आमचे काम नाही, आणि हा लेख तो देऊही पाहत नाही. भाईजान आपल्या विश्वासातल्या मौलानासाहेबांशी जाऊन बोलले. परत आल्यावर त्यांनी मुलीला पहिल्यांदाच समोर बसवून विचारले, की तुला नक्की काय काढायचे आहे? तिने वही दाखवली. त्यात खुशखत होते, वेलबुट्टी होती, रहिमतपूरच्या कमानी होत्या, आणि भाकरी थापणाऱ्या दादीही होत्या.

फॉर्मवर सही झाली. अटही ठरली. शिक्षणासाठी काढायचे ते वहीत राहील, घराच्या भिंतीवर लागणार नाही. पुतणीला ती अट पूर्ण पटलेली नाही आणि भाईजानांची काळजीही पूर्ण मिटलेली नाही. पण वही आता गादीखाली नसते, टेबलावर असते, आणि भाईजान ती अधूनमधून उघडून पाहतात. एका घराने एवढा पल्ला गाठला तरी तो कमी नाही.

आपण जाल तेव्हा

औंधला मुलांना जरूर न्या. निघण्याआधी संग्रहालयाच्या वेळा आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. वाटेत रहिमतपूर पाहून घेतले, तर एका दिवसात दोन्ही होते. सगळे दालन धावत पाहण्यापेक्षा प्रत्येक मुलाला एकच वस्तू निवडू द्या आणि तिच्यापुढे पाच मिनिटे शांत उभे राहायला सांगा. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न आधी विचारू नका, मुले घाबरतात आणि पाठ केलेले उत्तर शोधतात. ‘तुला काय दिसते?’ असे विचारा. उत्तर आपल्या मनासारखे नसले तरी ऐकून घ्या. घरी आल्यावर पाहिलेल्या वस्तूवर चार ओळी लिहून घ्या, उर्दूत किंवा मराठीत, ज्या भाषेत मूल मोकळे होते त्या भाषेत.

आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना मागे ठेवू नका. जिन्याला हात द्यावा लागेल, मध्ये बसायला जागा शोधावी लागेल, फेरी निम्मीच होईल. तरी त्यांना न्या. शाळेची पायरी न चढलेली दादी एखाद्या शिल्पासमोर जे ओळखते, ते आम्हा पदवीधरांना पुस्तके चाळून शोधावे लागते.